नाताळ ते संक्रांत : सुट्टीत नवीन पुस्तक उघडायचं की जुनंच पुन्हा काढायचं?

पेठेतला_वाचक | २१ डिसेंबर, रात्री १०:४०

मंडळी, यंदा पहिल्यांदाच २४ डिसेंबर ते १ जानेवारी अशी सलग नऊ दिवसांची रजा मंजूर झालीय आणि मी पुण्याहून घरी कोल्हापूरला येतोय. शिवाजी पेठेत आमचं जुनं घर, माडीवर बाबांचं लाकडी कपाट, त्यात दोनशेच्या वर पुस्तकं, त्यातली बरीचशी मी शाळेत असतानाच वाचलेली. इकडं पुण्याच्या खोलीवर गेल्या दोन वर्षांत प्रदर्शनांतनं घेतलेली सतरा पुस्तकं न उघडता पडलीयेत, काहींचं तर प्लॅस्टिकपण काढलेलं नाही. बॅगेत तीन-चारच मावतील, म्हणून आत्ताच ठरवायला पाहिजे.

माझं मत आधीच सांगतो, सुट्टीत जुनंच वाचावं. एरवी रात्री दहा पानं वाचेस्तोवर डोळे मिटतात, नवीन पुस्तकातल्या माणसांची ओळख होईपर्यंत सुट्टी संपते. जुनं पुस्तक मात्र कुठंही उघडा, घरातलंच माणूस बोलायला लागल्यासारखं वाटतं. शिवाय पुस्तक तेच असतं पण आपण बदललेलो असतो. ‘ययाति’चंच घ्या. खांडेकरांनी १९५९ साली लिहिलं, आणि त्यात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू स्वतः सांगतात. दहावीत वाचलं तेव्हा मी शर्मिष्ठेची पानं भराभर उलटली होती, राजाचं पुढं काय होतं एवढंच बघायचं होतं. गेल्या वर्षी सहज चाळलं तर शर्मिष्ठेजवळच थांबलो, पुढं जाववेना.

बायको म्हणते खुळा आहेस, सतरा पुस्तकं वाट बघतायत आणि तू परत तेच. तुम्ही काय करता सांगा की.

चहाबाज | २१ डिसेंबर, रात्री १०:५२

पहिला! जुनं. आणि गच्चीत कोवळ्या उन्हात बसून. चालू द्या.

रंकाळावेस | २१ डिसेंबर, रात्री ११:१५

मी उलट मताचा आहे. जुनं वाचायला बसलो की मन आधीच पुढच्या प्रकरणात जाऊन बसतंय, हातात फक्त पानं उलटायची राहत्यात. मी दर डिसेंबरला वाचनालयात जातो आणि कधी नाव न ऐकलेल्या लेखकाचं पुस्तक काढतो. ज्याच्या मागच्या कागदावर तारखेचा शेवटचा शिक्का लई जुना असतो ना, ते पहिलं. कुणी दहा वर्षं हात लावला नाही असं पुस्तक आपण घरी न्यायचं याच्यात वेगळीच मजा आहे.

आपल्या गावाला हे नवं नाही बघा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली १८५३ ला, म्हणजे गाडी धावायच्या आधी तीन वर्षं कोल्हापुरात लोक वाचायला सार्वजनिक जागी जमत होते. नाद खुळा हाय का नाही?

पुणेकर_मुळाकाठ | २२ डिसेंबर, सकाळी ८:०५

@रंकाळावेस, छान लिहिलंय दादा. शेवटच्या शिक्क्याची कल्पना आवडली, आजपासून मीही करून बघणार.

रंकाळावेस | २२ डिसेंबर, सकाळी ८:३०

दादा नव्हे, ताई :) आमच्याकडं पोरी पण ‘मी जातो, मी येतो’च म्हणतात. आई, मावशी सगळ्या असंच बोलतात, आता ते बदलणार नाही.

चहाबाज | २२ डिसेंबर, सकाळी ८:३३

पुणेकरांची विकेट! मिसळ लागू झाली, कोल्हापूरला आलात की द्यायची.

वकीलबाबू_करवीर | २२ डिसेंबर, दुपारी २:१०

कोर्टाला नाताळची सुट्टी लागते त्यामुळं हा आठवडा माझ्यासाठी दिवाळीपेक्षा मोठा. माझा नेम ठरलेला आहे, २५ डिसेंबरला विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ काढायचं आणि असं बेतानं वाचायचं की १४ जानेवारीला रणांगणाची पानं यावीत. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पुस्तक १९८८ चं, आणि लेखक आपल्याच जिल्ह्यातला. बारा-तेरा वर्षं झाली या नेमाला.

धागाकर्त्यांना माझा पाठिंबा, पण कारण वेगळं. हे पुस्तक मी एकदा मे महिन्यात वाचलं होतं आणि तेव्हा ते एवढं भिडलं नव्हतं. ते सैन्य दोन-अडीच महिने तिथं अडकून पडलं होतं, रसद तुटलेली, उत्तरेकडची थंडी आणि अंगावर दख्खनचे कपडे. आपल्याकडं पहाटे पंचगंगेवर नुसतं धुकं उतरलं तरी आपण स्वेटर शोधतो. पायावर घोंगडं घेऊन ती पानं वाचली की कळतं. काही पुस्तकांना ऋतू असतो असं मला वाटतं. आणि संक्रांतीच्याच दिवशी ती लढाई झाली, म्हणूनच आपण ‘संक्रांत आली’ म्हणतो.

अण्णा_राजारामपुरी | २२ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

वकीलसाहेब, नेम फार आवडला, पण एक दुरुस्ती सुचवतो, आयुष्यभर भूगोल शिकवलाय म्हणून राहवत नाही. तारीख १४ जानेवारी बरोबर, परंतु त्या दिवशी संक्रांत नव्हती. मकर संक्रांत सूर्याच्या राशीवर ठरते आणि साधारण सत्तर वर्षांत आपल्या कॅलेंडरात एक दिवस पुढं सरकते. म्हणून तर हल्ली काही वर्षी ती १५ तारखेला येते. १७६१ साली ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली असणार. ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार मात्र खरा आणि आपल्या मनात तो पानिपताशी कायमचा जोडला गेलाय, त्याला माझी हरकत नाही.

वकीलबाबू_करवीर | २२ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

अण्णा, मान्य. इतकी वर्षं कोर्टाच्या बार रूममध्ये सगळ्या वकिलांना हेच सांगत आलोय, आता सुट्टी संपली की प्रत्येकाला गाठून दुरुस्ती सांगतो.

कागलचा_ऊस | २२ डिसेंबर, रात्री ११:५८

सुट्टी म्हणजे काय असतंय ते आमाला म्हाईत न्हाई, डिसेंबर म्हंजी तोडीचा हंगाम, टोळी आज येती म्हनत्यात आन आठ दिसानं येत्या. पण वाचन माझं ह्याच दिवसांत जास्त होतंय. कारण रात्रीची लाईट. थ्री फेज रात्री येत्या तवा खोडव्याला पाणी पाजायला दारं धरायला जायाला लागतंय. मोटर चालू करायची, बांधावर पोतं टाकून बसायचं, डोक्याला बॅटरी, एक सरी भरंपर्यंत दोन-तीन पानं हुत्यात, उठायचं, दार मोडून पाणी दुसऱ्या सरीत सोडायचं, परत बसायचं. थंडी अशी की बोटं पान उलटत न्हाईत. आसपास कोल्ही वरडत्यात. पण ह्या वेळंला फोन वाजत न्हाई, कोण हाक मारत न्हाई.

असंच बांधावर बसून मी आनंद यादवांचं ‘झोंबी’ वाचलं, तीनदा. आमच्या कागलचा माणूस. शाळंसाठी बापाशी भांडणारं पोरगं, आन रातभर मळ्यात पाणी पाजनारं. तेच काम करत करत तेच वाचायचं. पयल्यांदा वाचलं तवा दोन सऱ्या फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं, मला पत्त्याच न्हाई. मग सकाळी जाऊन त्येनला सांगून आलो. तवा माझं उत्तर जुनं.

पेठेतला_वाचक | २३ डिसेंबर, सकाळी ७:१५

@कागलचा_ऊस, भावा, आत्तापर्यंतचा सगळ्यात भारी प्रतिसाद. ‘झोंबी’ बाबांच्या कपाटात आहे. शाळेत असताना वाचलं होतं पण खरं सांगायचं तर शेतीचे शब्द आले की ओळी गाळायचो. यादीत टाकलं.

पुणेकर_मुळाकाठ | २३ डिसेंबर, सकाळी ९:४०

सुंदर लिहिलंय. थोडं अवांतर, बोटं गारठतात तर तुम्ही ऑडिओबुक का ऐकत नाही? अर्थात माझ्या मते ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, डोळ्यांनी वाचताना आपला वेग आपल्या हातात असतो, एखाद्या वाक्यापाशी थांबता येतं, ते ऐकताना होत नाही. पण काम करताना सोय म्हणून.

कागलचा_ऊस | २३ डिसेंबर, दुपारी १२:३०

ऐकतो की. ट्रॅक्टरवर न्हाई जमत पण वैरण कापताना ऐकतो. वाचणं का न्हाई ते कळलं न्हाई.

अण्णा_राजारामपुरी | २३ डिसेंबर, दुपारी ४:००

पुणेकरांच्या मताशी मी सहमत नाही, आणि यावर थोडं सविस्तर लिहितो.

माझ्या लहानपणी श्रावणात गावात पोथी लागायची. ‘पांडवप्रताप’ नाहीतर ‘हरिविजय’, श्रीधरस्वामींच्या ओव्या. वाचणारा एक आणि ऐकणारं सगळं गाव, त्यातल्या निम्म्यांना अक्षरओळख नसे, पण कुठल्या अध्यायात काय आहे ते त्यांना वाचणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं. एखादी ओवी चुकली की मागून म्हातारी आवाज द्यायची. त्या माणसांना पुस्तक माहीत नव्हतं असं मी कसं म्हणू?

दुसरी गोष्ट आत्ताची. नोव्हेंबरअखेर माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजवा आधीच अधू आहे. महिनाभर डोळ्यांना ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलंय, त्यामुळं हा प्रतिसादसुद्धा मी बोलतोय आणि नात टाईप करतेय. ती दहा वर्षांची, इंग्रजी शाळेत, नाताळच्या सुट्टीवर. रोज दुपारी ती मला शंकर पाटलांची एक गोष्ट वाचून दाखवते. पाटील पट्टणकोडोलीचे, म्हणजे हाकेच्या अंतरावरचे. पहिल्या दिवशी दर ओळीला अडखळायची, ‘आजोबा हे चुकीचं छापलंय, न्हाई असं कुठं असतं?’ म्हणून तक्रार. चौथ्या दिवशी संवाद आवाज बदलून वाचायला लागली. आता दूधवाल्या मामांशी ती त्याच भाषेत बोलते आणि मामा खूश. ह्या गोष्टी मी चाळीस वर्षांत किती वेळा वाचल्या याचा हिशेब नाही, पण तिच्या तोंडून ऐकताना माझ्या लक्षात न आलेल्या जागी ती हसते आणि मग मला ती जागा दिसते.

(मी नात. आजोबांनी माझ्याबद्दल सांगितलेलं सगळं खरं आहे. फक्त पहिल्या दिवशी मी एवढी पण अडखळले नव्हते.)

चहाबाज | २३ डिसेंबर, दुपारी ४:०६

नातीला +१००. धाग्यातली सगळ्यात शुद्ध टायपिंग तिचीच आहे.

पुणेकर_मुळाकाठ | २३ डिसेंबर, रात्री ९:१०

अण्णा, पोथीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझी आजी असंच ऐकायची. शब्द मागे घेतो.

कुंभारगल्ली | २४ डिसेंबर, पहाटे १:२५

मी फार लिहीत नाही पण आज लिहावंसं वाटतंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी छातीपर्यंत आलं. आम्ही आधीच बाहेर पडलो होतो, गॅस सिलिंडर, कागदपत्रं, आजीची औषधं एवढं घेतलं, पुस्तकं राहिली. पाणी उतरल्यावर आत गेलो तर कपाटाचे खालचे तीन खण म्हणजे चिखलाच्या विटा झालेल्या. वरचे दोन खण वाचले.

ज्यांच्याकडं असं कधी झालं तर उपयोगी पडावं म्हणून सांगतो. भिजलेली पुस्तकं कडक उन्हात टाकायची नाहीत, आम्ही पहिल्यांदा तेच केलं आणि पुठ्ठे वाकून कणे निखळले. नंतर एकानं सांगितल्यावर पंख्याखाली उभी ठेवली, दर वीस-पंचवीस पानांत कोरा कागद, तो ओला झाला की बदलायचा, जवळजवळ वाळली की वर पाट ठेवून त्यावर वजन. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं एकदा चिकटली की संपलं, पान सोडवायला गेलं की फाटतं. जुन्या खरबरीत कागदाची पुस्तकं वाचली. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ वाचलं आमचं, फुगून दीडपट झालंय, पानांना लाटा आल्यात, मिटल्यावर नीट मिटत नाही. १९६७ चं पुस्तक, लेखक आजऱ्याचा, आणि आमची प्रत पंचगंगेनं वाचलेली.

दर वर्षी थंडी पडली की मी सगळी पुस्तकं बाहेर काढतो, सावलीत वारा लागेल अशी मांडतो, कसर लागलीय का बघतो, खणात वाळलेला कडुनिंबाचा पाला घालतो. आणि मांडता मांडता हातात येईल त्याचं कुठलंतरी प्रकरण वाचतो. यंदा ‘मृत्युंजय’मधली वृषाली वाचली. त्या पुस्तकात कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण सगळे आळीपाळीनं बोलतात, वृषालीचं तेवढंच एक प्रकरण. वासाला अजून थोडा पुराचा चिखल येतो. मला नवीन प्रत घेता येईल, घेत नाही.

एकाच पुस्तकाची चुटपुट आहे. यादवांच्या आत्मचरित्राचे चार भाग, झोंबी, नांगरणी, घरभिंती, काचवेल. ‘घरभिंती’ वाचायला खाली काढून ठेवलं होतं म्हणून ते गेलं. बाकी तिन्ही वरच्या खणात होते.

रंकाळावेस | २४ डिसेंबर, सकाळी ७:५०

हे वाचून गप्प झालो. आमच्याकडं पाणी आलं नव्हतं, पण पाणी उतरल्यावर मैत्रिणीच्या घरी चिखल काढायला गेलतो, तेव्हा भांडी, गाद्या सगळ्यांनी बघितल्या. पुस्तकांकडं माझं लक्षच गेलं नाही.

म्युनिकवासी | २४ डिसेंबर, दुपारी ३:१५

नमस्कार, मूळची शाहूपुरीची, सध्या जर्मनीत. इथं आता दुकानं बंद होतील आणि दोन दिवस रस्त्यावर चिटपाखरू नसेल. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी आइसलंडची आहे, तिच्याकडून एक गोष्ट कळली. त्यांच्याकडं २४ डिसेंबरला रात्री एकमेकांना पुस्तकं भेट द्यायची पद्धत आहे, त्या हंगामाला ते ‘योलाबोकाफ्लोद’ म्हणतात, म्हणजे नाताळातला पुस्तकांचा पूर. दुसऱ्या महायुद्धात बाकी वस्तू मिळत नव्हत्या पण कागदावर तेवढी बंधनं नव्हती, म्हणून पुस्तकं द्यायला सुरुवात झाली. १९४४ पासून नव्या पुस्तकांची यादी घरोघरी पाठवायला लागले. कुंभारगल्ली यांचा प्रतिसाद वाचल्यावर पूर हा शब्द लिहिताना हात थबकला, पण त्यांचा शब्द तोच आहे.

मला वाटतं नवीन-जुनं यापेक्षा कुणी दिलं हे महत्त्वाचं. मला आज तिनं एक दिलंय, भाषा येत नाही, चित्रं बघतेय.

तिळगूळ_घ्या | २४ डिसेंबर, संध्याकाळी ५:३०

@म्युनिकवासी, आपल्याकडं याला संक्रांतीचं वाण आहे की! गेली सहा वर्षं मी हळदीकुंकवाला पुस्तकंच लुटते. पहिल्या वर्षी शेजारच्या काकू म्हणाल्या, बाई, वाटी दिली असतीस तर वापरली असती. मी लहान मुलांची नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं आणली होती, पातळ, चित्रांची, स्वस्तपण पडतात. पुढच्या वर्षी त्याच काकूंनी आधी फोन करून विचारलं, यंदा पुस्तकं आहेत ना, नातवाला दुसरं पाहिजे. आता बायका येतानाच गेल्या वर्षीचं घेऊन येतात आणि आपापसांत बदलतात. वीस-पंचवीस जणी असतात, तिळाच्या वड्या आणि पुस्तकं. ज्यांना घरी उघड पुस्तक घेऊन बसता येत नाही त्यांना वाण म्हणून आलेलं पुस्तक कुणी नको म्हणत नाही.

वकीलबाबू_करवीर | २४ डिसेंबर, संध्याकाळी ६:०२

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

चहाबाज | २६ डिसेंबर, सकाळी १०:२०

धागाकर्ते कोल्हापुरात पोचले का? का गंगावेशीत दूध प्यायला थांबलेत?

पेठेतला_वाचक | २७ डिसेंबर, रात्री ११:३०

पोचलो, पोचलो. आल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय.

बॅगेत दोन नवीन पुस्तकं आणलीत, अजून बॅगेतच आहेत. पहिल्या दिवशी दुपारी गच्चीत ‘झोंबी’ घेऊन बसलो. आई शेजारी मटार सोलत होती. अण्णांचं डोक्यात होतं म्हणून म्हटलं बघूया, मोठ्यानं वाचायला लागलो. चार पानं झाल्यावर मोटेचं वर्णन आलं आणि मी नेहमीसारखा भराभर पुढं जायला लागलो तर आई म्हणाली, थांब, परत वाच. मग तिनं सांगितलं नाडा कशाला म्हणतात, सोंदूर कशाला, जाड दोर कुठला आणि बारीक कुठला, मोट वर आली की सोंदूर कसा ओढला जातो. तिच्या वडिलांची मोट होती, ती लहानपणी बैलांमागं चालायची. मला हे आजपर्यंत माहीत नव्हतं! मोट हा शब्द मी पुस्तकात वाचलेला, आणि मोट हाकलेल्या माणसाच्या मुलीबरोबर मी एवढी वर्षं जेवतोय.

मग मी विचारलं, आई तू हे पुस्तक कधी वाचलं होतंस? तर म्हणाली, “कपाट अडतीस वर्षं मी पुसत्या. वाचायला कधी बसलो?”

मी म्हटलं, एवढं जुनं पुस्तक आहे, तुला आवडेल का पुढं? तर म्हणाली, “मला हे नवीनच की.”

मी सुरुवातीला जो प्रश्न विचारला होता तो माझ्यापुरता होता हे तेव्हा कळलं. आता रोज दुपारी दोन तास वाचन चाललंय. बाबा पण येऊन बसतात, पेपर तोंडासमोर धरून, पण पान उलटत नाहीत.

कागलचा_ऊस | २८ डिसेंबर, रात्री १:४०

बांधावरनं वाचलो. आईस्नी नमस्कार सांगा. त्येंचं म्हायार कुठलं?

पेठेतला_वाचक | २८ डिसेंबर, सकाळी ८:००

तुमच्याच बाजूचं, मुरगूडजवळ.

अण्णा_राजारामपुरी | २८ डिसेंबर, सकाळी ११:१५

मोठ्यानं वाचताना एक सूचना. प्रकरण संपलं म्हणून थांबू नका, मध्येच चांगल्या जागी थांबा. नातीनं मला असंच छळलं, काल पंचनामा चालू असताना पुस्तक मिटून खेळायला पळाली. रात्रभर मी वाट बघितली.

पेठेतला_वाचक | १ जानेवारी, दुपारी १:०५

आज रात्रीच्या गाडीनं परत निघतोय. ‘झोंबी’ संपलं नाही, शंभरएक पानं राहिली. काल आईनं चष्मा आणि पुस्तक घेऊन स्वतःच सुरुवात केली, बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश. पुढचं मी फोनवर वाचून दाखवू का विचारलं तर नको म्हणाली, तुझा आवाज पळतोय.

आणि @कुंभारगल्ली, कपाट लावताना ‘घरभिंती’च्या दोन प्रती सापडल्या. एक बाबांनी विकत घेतलेली, दुसरी त्यांना निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेली. बाबा म्हणाले त्यातली एक तुम्हाला द्यायची, पण भेट मिळालेली नाही, ती त्यांना पाहिजे. दुसरीची बांधणी थोडी सैल आहे, चालेल का? मी संध्याकाळी सहापर्यंत पेठेत आहे.

कुंभारगल्ली | १ जानेवारी, दुपारी १:२२

सैल चालेल, मी शिवून घेतो. पाच वाजता रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला येतो. निळा स्वेटर. काकूंसाठी ‘नांगरणी’ घेऊन येतो, त्यांचं ‘झोंबी’ संपलं की लागेल.

चहाबाज | १ जानेवारी, दुपारी १:२४

पाचला मी पण येतोय. चहा माझ्याकडून.